फिनलंडला मध्ये ओढू नका

चंद्रपूरची दारूबंदी उठून वर्षं झाली, पण आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती दर आठ-पंधरा दिवसांनी नव्याने लागते आणि नव्याने उठते. १ एप्रिल २०१५ ला लागली, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. पन्नाशीला टेकलेली आमची पोरं अजून दोन तट करून भांडतात. मी सहसा गप्प बसते. परवा मात्र एकाने थेट मलाच ओढलं, मी फिनलंडला राहते म्हणून: "फिनलंडनंही दारूबंदी करून पाह्यली न बाप्पा, तेरा वर्षांत गुंडाळली. विचारा हिले." लगेच धडाधड अंगठे.

मला विचारलंच आहे, तर ऐका.

इथली दारूबंदी कुणा एका मंत्र्याने जाहीर केलेली नव्हती. १८९८ मध्ये इथल्या कामगारांनी दारूचा संप केला होता, म्हणजे पिणंच बंद. बायकांना १९०६ मध्ये मताचा हक्क मिळाला, १९०७ च्या पहिल्या निवडणुकीत एकोणीस बायका संसदेत गेल्या आणि त्याच वर्षी संसदेने दारूबंदीचा कायदा केला. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारखाली होतं आणि झारने काही त्यावर सही केली नाही. झार गेला, देश स्वतंत्र झाला आणि १ जून १९१९ ला बंदी लागली. स्वातंत्र्यापाठोपाठ आलेली गोष्ट होती ती. सेवाग्रामच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसांना यात ओळखीचं काहीच दिसू नये?

पुढचं तुम्हाला पाठ आहे. दोन टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली प्रत्येक गोष्ट बंद, आणि समुद्रातून स्पिरिटचे डबे चालू. जहाजं हद्दीबाहेर उभी राहायची, डबे एकमेकांना बांधून रात्री होड्यांमागे ओढून आणायचे. हॉटेलात चहा मागितला की कपात काय येणार हे सगळ्यांना ठाऊक. आल्गोट निस्का नावाचा तस्कर तर लोकांचा लाडका झाला. बंदीच्या काळात वणीहून वर्धा नदीचा पूल ओलांडून चंद्रपुरात भाजीच्या क्रेटखाली देशीचे पव्वे येत होते, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही. फक्त आपल्याकडे त्या माणसावर पुस्तकं निघाली नाहीत.

डिसेंबर १९३१ मध्ये सार्वमत झालं. सत्तर टक्क्यांनी सांगितलं, उठवा. मंदी होती, तिजोरीत खडखडाट होता, हे खरंच. मित्राची पोस्ट इथे संपते. माझ्या मते गोष्ट इथून सुरू होते.

कारण ५ एप्रिल १९३२ ला सकाळी दहा वाजता जी दुकानं उघडली ती सरकारच्या कंपनीची होती. (५-४-३-२-१०, इथल्या शाळकरी पोरालाही पाठ.) खेड्यांत दुकानच नाही, फक्त शहरात. पुढे तर प्रत्येकाचं कार्ड आलं, खरेदीची नोंद व्हायची आणि जास्त घेणाऱ्याला बोलावून विचारणा व्हायची. १९६९ मध्ये ढिलाई दिली, मध्यम बिअर किराणा दुकानात आली, तर एका वर्षात पिणं पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त वाढलं. त्यावर इथे अजून वाद चालतो. २०२४ मध्ये किराण्यातली मर्यादा आठ टक्के केली तेव्हाही संसदेत घमासान झालं. आजही शनिवारी सहाच्या आत आल्को, म्हणजे त्या सरकारी कंपनीचं दुकान, गाठलं नाही तर सोमवारपर्यंत बसा. मीही धावत गेले आहे, हातात ओली छत्री आणि मागे नवरा पार्किंग शोधतोय. दोनवर एक फुकट नाही, कडक दारूची जाहिरात नाही. आणि आपल्याकडे? ज्या कायद्याखाली बारला परवाना मिळतो त्या कायद्याचं नाव अजून दारूबंदी कायदा!

हे सगळं लिहून टाकलं. दोन मिनिटांत नागपूरच्या एकाने विचारलं, "तामिळनाडूत सरकारच विकते. तिथं काय रामराज्य आलं?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्त झोंबला. मी उत्तर दिलं की इथली कंपनी कित्येक वर्षं आरोग्य खात्याच्या अखत्यारीत होती, तिला विक्री वाढवायचं टार्गेट नसतं. शेजारच्या एस्टोनियातल्या तालिनच्या बोटीवरून बिअरच्या ट्रॉल्या भरभरून उतरणारे लोक मात्र मी लिहिले नाहीत. वाप्पूच्या, म्हणजे इथल्या एक मेच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशीचे रस्तेही नाहीत.

मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या ताईचा फोन आला. आत्याची मुलगी, ग्रुपवर नाही, पण तिला सगळं कळतं. दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला बायकांचा पायी मोर्चा गेला होता तेव्हा ताईही काही गावं त्यांच्यासोबत चालली होती. "तुह्या देशातल्या बायांनी बी उठवा म्हटलं का?" मी म्हटलं, हो, बायकांच्या मतांतही बहुमत तेच होतं. ती म्हणाली, "त्यायले परवडलं असंल. इथं बंदी होती तं तो लपून पेत होता, घरी येऊन आवाज खाली ठेवत होता. तेवढा तरी फरक होता. आता दुकान उघडं, आवाजही उघडा." मग म्हणाली, "तू घेते का?" मी नेहमीसारखं नाही म्हटलं. गावाकडे मी घेत नाही. इथे ऑफिसच्या सॉनाच्या संध्याकाळी लोंकेरोला, म्हणजे जिन घातलेल्या इथल्या पेयाला, नाही म्हणत नाही. दोन्ही खरं आहे, पण ताईला एकच सांगता येतं.

तिच्या वॉर्डात आता दुकान बंद करण्यासाठी सह्या चालल्यात. सह्या झाल्या की बायकांचं मतदान: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. नियम असा की यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. आलेल्यांपैकी नाही, यादीतल्या. मेलेल्या, सासरी गेलेल्या, पुण्याला गेलेल्या, सगळ्या न येता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. ताई म्हणाली, "तुह्यं नाव आहे अजून आमच्या यादीत."

आहे. लग्नाआधी आत्याकडे राहून कॉलेज केलं तेव्हाचं. इथे मला नगरपालिकेला मत देता येतं, संसदेला नाही. आल्कोचं काय करायचं हे मला कुणी विचारत नाही आणि विचारणारही नाही. भद्रावतीत मात्र मला अजून विचारतात. नाव कमी करायला सात नंबरचा फॉर्म भरायचा असतो, ऑनलाइन होतो. ताईने तोच भरायला सांगितला, यादी तेवढी छोटी होईल म्हणून. मी म्हटलं, बघते. लिंक तिने दोनदा पाठवली आहे.