पाताळगंगा आणि साडेसहा इंची भोक

‘शेतकरी बांधवांनो, विहिरीचा नाद सोडा’ असं सुरू होणारा एक मजकूर उन्हाळा लागला की आमच्या पारनेरकडच्या गटांवर फिरायला लागतो. यंदा तो खुद्द आमच्या तात्यांनीच पाठवला, म्हणजे सख्ख्या चुलत्यांनी, तेव्हा उत्तर देणं आलंच. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. वारूळ तिथं पाणी हमखास, कारण नाग ओलाव्याशिवाय घर खणत नाही. पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीतलं पाणी शोधून देणाऱ्याच्या, तळहातावर नारळ उभा राहिला की शंका घ्यायची नाही. खाली पाताळगंगा वाहते, म्हणून बोअर घ्या आणि २०० फुटांवर थांबू नका, ८०० जा. रशियानं १२ किलोमीटर खणलं तिथंही पाणी लागलं. आणि शेवटी, आपल्या बोअरनं शेजारच्या विहिरीला काही होत नाही.

आधी नाग. नाग घर खणत नाही. त्याला ना पंजा, ना नखं. उंदीर-घुशींची बिळं आणि ओस पडलेली वारुळं तो वापरतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपल्यातलीच, तरी नागपंचमीला लाह्या वाहताना आपण ती विसरतो. वारूळ बांधते वाळवी. मातीचा एकेक कण तोंडात धरून वर आणायचा आणि लाळेनं लिंपायचा, असं ते काम. अंग नाजूक, ऊन-वारा सोसत नाही, म्हणून तिला ओल लागतेच आणि त्या ओलीसाठी ती खोल जाते. एवढ्यापुरतं मजकुरात तथ्य आहे. पण मातीतली ओल वेगळी आणि मोटरीनं उपसता येईल इतकं पाणी वेगळं.

गंमत म्हणजे वारुळाचा हा दाखला दीड हजार वर्षं जुना आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत भूजलावर दकार्गल नावाचा अख्खा अध्याय लिहिला. त्यात म्हटलंय की जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल, तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुषांवर गोड पाणी लागतं. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. आपल्याकडची जुनी माणसं ‘विहीर किती परस?’ म्हणून विचारतात ना, तोच हा परस. दोन परस म्हणजे फार तर १५ फूट. वराहमिहिराचं नाव सांगून ८०० फूट खणायला लावणाऱ्यांनी तो श्लोक एकदा वाचावा.

नारळावर फार वेळ घालवत नाही. १९९० साली जर्मनीतल्या कासेल शहरात ३० पाणाड्यांची परीक्षा घेतली होती. जमिनीत पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की बंद आहे, एवढंच ओळखायचं होतं. नाणं उडवून जेवढी उत्तरं बरोबर यावीत तेवढीच आली. गावचा पाणाड्या बरोबर येतो त्याचं कारण साधं आहे. ओढ्याकाठी, खोलगट रानात कुठंही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच. आणि कोरड्या गेलेल्या बोअरची गोष्ट पारावर कुणी सांगत नाही.

आता खोलीचं. माझा खरा राग इथं आहे.

दोन वर्षांमागं आमच्या विहिरीतला गाळ काढायचा होता, तेव्हा यारीच्या दोरानं मी तळात उतरलो. वरून हातभर काळी माती, खाली पिवळट मुरूम, त्याखाली मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा दगड, काही भोकं पांढऱ्या खड्यांनी बुजलेली. त्याच्याही खाली काळा पाषाण, गुळगुळीत आणि ठणठणीत, पहार मारली तर ठिणगी उडावी असा. भिंत ओली होती ती एकाच पट्ट्यात, मांजऱ्या संपून पाषाण सुरू होतो तिथं. बोट लावलं की पाणी मनगटापर्यंत ओघळायचं. त्याच्या खालची भिंत कोरडी.

महाराष्ट्राच्या पाचातल्या चार भागांत थोड्याफार फरकानं हेच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांचा हा दगड झाला. पाणी राहतं ते झिजलेल्या वरच्या भागात, सांध्यांत, भेगांत आणि दोन थरांच्या मध्ये. नदी म्हणावी अशी पोकळी या दगडात नाही. जसजसं खाली जावं तसतशा भेगा कमी होतात आणि वरच्या वजनानं मिटत जातात. ५०० फुटांवर पाणी लागतच नाही असं मी म्हणत नाही. लागतं, पण एखादी भेग नशिबानं सापडली तर. आणि ती भरायला पाऊस फार हळू पोचतो, म्हणून दोन-तीन उन्हाळ्यांत बोअर फुसफुसायला लागतो. यवतमाळकडं तर कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यानं दात आणि हाडं जातात.

थोडा हिशेब करा. साडेसहा इंची बोअर ६०० फूट काठोकाठ भरला तरी त्यात साधारण ३,९०० लिटर पाणी मावतं. पंचवीस फुटी विहिरीत एका फुटाला जवळपास १४,००० लिटर. मग ८०० फुटांचा आग्रह कुणाचा? तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेली बोअरची गाडी फुटावर पैसे घेते, पाण्यावर नाही. खाली उतरावं तसा फुटाचा दरही चढतो. गाडीवाल्याला दोष देत नाही, तो त्याचा धंदा आहे. पण महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा, म्हणजे २०० फुटांपेक्षा जास्त खोलीची ती ‘खोल विहीर’ मानली आणि तिच्यावर बंधनं आणली, ती उगाच नाही.

रशियाचं खरं आहे. कोला द्वीपकल्पावरचं भोक १९८९ मध्ये १२,२६२ मीटरपर्यंत गेलं आणि खोलवर पाणीही आढळलं. पण ते खनिजांतून दाबानं पिळून निघालेलं, वरच्या अभेद्य दगडानं अडकलेलं पाणी होतं. तळाशी तापमान १८० अंश. त्यावर कांदा पिकवायचा असेल तर खुशाल पिकवा.

राहिली शेजाऱ्याची विहीर. गेल्या फेब्रुवारीत तात्यांनी आमच्या विहिरीपासून चाळीस पावलांवर बोअर घेतला. केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून आत बसवतात तो पाइप, २० फूट, माती-मुरमापुरतं. पंचेचाळीस फुटांवर चिखल उडाला, सगळे हरखले. पुढं ६२० फुटांपर्यंत नुसता राखेसारखा फुफाटा. गाडी गेल्यावर रात्री तात्यांनी मला बोलावलं, म्हणाले, “कान लाव.” पाइपाच्या तोंडाशी कान लावला तर खोल खाली टपटप, मधूनच धार पडल्यासारखा आवाज. “पाताळगंगा,” तात्या म्हणाले. “दोन दिवसांत भरंल बघ.”

तो आवाज वरून खाली पडणाऱ्या पाण्याचा होता. पंचेचाळीस फुटांवरची ती ओली सांध, आमच्या विहिरीच्या भिंतीत मी बोट लावलेली तीच, बोअरनं तिला भोक पाडलं आणि पाणी खालच्या कोरड्या भेगांत उतरायला लागलं. बोअर भरला नाही. आठवड्यानं आमच्या विहिरीची एक जादा पायरी उघडी पडली होती.