शहरात बसून नव्हे, भाऊ

भाऊ, पांढऱ्या काविळीची (हिपॅटायटिस बीची) पहिली लस बाळाला २४ तासांच्या आत द्या, असं मी लिहिलं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया: ‘दीड महिन्याला पेंटाव्हॅलंट (हिच्यासकट पाच आजारांवरची एकत्र लस) मिळतंच, मग घाई कशाला? सुनेच्या वेळी आम्ही नाहीच म्हणणार. आईला लागण असली तर बाळाला लागणारं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) धडगावात मिळतं का? शहरात बसून लिहिणं सोपं असतं.’

लस दंडात देतात असं माझ्याकडून लिहिलं गेलं, तान्ह्याला ती मांडीत देतात. चूक माझी, दुरुस्त केली आहे.

पण ‘शहरात बसून’? चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उपकेंद्रावर २२ वर्षं काढली मी. खांद्याला लसीचा डबा अडकवून पाड्यापाड्यावर चालत गेले. ही लस गोठली की वाया जाते. म्हणून आईस पॅक आधी बाहेर ठेवायचा, कानाशी हलवायचा, आत पाणी खळखळलं की मगच डब्यात. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं, दोन किलोंचं बाळ, अंगठ्याएवढी त्याची मांडी, आणि सुईत अर्धा मिली लस. असं बाळ तुम्ही कधी मांडीवर घेतलंय? नसेल, तर मला शहर शिकवू नका.

घाई कशाला, तेही ऐका. माझा भाऊ १९७४ चा. तेव्हा लसच नव्हती. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याच्या पोटात पाणी झालं, तपासणीत यकृताचा कॅन्सर निघाला, पांढऱ्या काविळीतून झालेला. मग आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं, तर आई पॉझिटिव्ह. तिचे डोळे जन्मात कधी पिवळे झाले नव्हते. तो रिपोर्ट हातात धरून ती ओट्यावर बसून राहिली, दोन दिवस अन्नाला शिवली नाही. बाळंतपणात आईचं रक्त बाळाला लागतं, लागण बहुतेक तेव्हाच होते. त्या वयात झालेली लागण दहातल्या नऊ बाळांत कायमची राहते. धडधाकट मोठ्या माणसांत शंभरात पाचांतही नाही. दीड महिन्यानं कुणासाठी टोचायचं मग?

इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं, ते १२ तासांत द्यायचं असतं, आडगावी मिळणं कठीण. ठाऊक आहे मला. त्यावर वाद घालायला आत्ता वेळ नाही. एकटी लससुद्धा वेळेवर दिली तर बरीच बाळं वाचतात.

सुनेचं कार्ड काढा. एचबीएसएजी, म्हणजे पांढऱ्या काविळीची रक्ततपासणी केलीय का, ते बघा आणि इथेच कळवा.