गणपती दीड दिवसाचा नाही का करता येणार?

आमच्या कंपनीत रजेला मर्यादा नाही. हवी तेवढी घ्या, कुणी मोजणार नाही, आमचा तुमच्यावर विश्वास आहे, असं एचआरच्या मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलंय. म्हणून परवा गौरी-गणपतीसाठी कणकवलीला जायची रजा टाकली. लगेच मॅनेजरचा कॉल.

"अरे, प्रश्न रजेचा नाहीच आहे. रजा अनलिमिटेड आहे."

"मग?"

"तुमचा गणपती किती दिवसांचा?"

"गौरीबरोबर जातो, सर."

"दीड दिवसाचा नाही का करता येणार?"

मला वाटलं, रेंज गेली.

"आमचा दीडच दिवसाचा असतो. आटोपशीर! भक्ती काय, तेवढीच होते."

"घराण्याचा गणपती आहे सर. काकांना विचारावं लागेल."

"मग घे ना त्यांना कॉलवर! मी समजावतो. त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे म्हणावं."

आरतीतलं एक कडवं गाळलं तर आमचे नानाकाका पानावरून उठतात. त्यांना हा गृहस्थ रिलीजचं वेळापत्रक समजावणार! खरं सांगतो, तो कॉल व्हायलाच हवा होता.

"आणि गौरींचं काय?" मी विचारलं.

"त्या येतात आपल्या आपण. त्यात तुझं काय काम?" मग जरा थांबून, "विसर्जनाला नदीवर नेट चालतं का रे?"

हे अमर्याद रजेचं खूळ अमेरिकेतलं. नेटफ्लिक्सने रजा मोजणं सोडलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. किकस्टार्टर या तिथल्याच कंपनीने मात्र २०१५ मध्ये अमर्याद रजा गुंडाळून सरळ २५ दिवस ठरवून दिले. किती रजा घेतलेली बरी दिसते, याचा अंदाजच लोकांना येत नव्हता म्हणे. आम्हाला येतो. शून्य.

आपल्याकडे २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. वर्षात २४० दिवस भरले की वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, वर आठ किरकोळ. भरपगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवताही येते. पण जे कुणी मोजतच नाही, ते साठणार कुठे? नानाकाका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले ते ३०० दिवसांच्या अर्जित रजेचे पैसे घेऊन. अंगण त्यातच बांधलं. मी नोकरी सोडेन तेव्हा मला विश्वास मिळेल.

आणि तो विश्वास तरी कसा? गेटवर कार्ड दाखवलं की सेकंदासकट नोंद. पाच मिनिटं माउस हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. मोजत नाहीत ती फक्त रजा.

शेवटी मंजूर झाली, लॅपटॉप सोबत न्यायच्या अटीवर. सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी सांगितलं की त्यांनी स्वतः वर्षभरात एकही रजा घेतलेली नाही. सांगताना त्यांचा गळा दाटून आला. एचआरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग आम्हालाही वाजवाव्या लागल्या.