पांढरीच लावा

घाटकोपरला इअरफोनची बॅटरी संपली आणि उरलेला अल्बम फोनने आपणहून अख्ख्या डब्याला ऐकवायला घेतला.

कट्-कट्-टिट्-कट्.

मी चौथ्या सीटवर. म्हणजे अर्धा सीटवर, अर्धा अंबरनाथ फास्टच्या भरवशावर. फोन पँटच्या खिशात, आणि खिसा नेमका टेकलेल्या बाजूचा.

खिडकीतल्या काकांनी शेंगदाण्याची पुडी मिटली.

"पाण्यात पडला का?"

"नाही काका. गाणं आहे."

काकांनी चष्मा चढवला आणि कान पुढे केला. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसं, डोळे मिटून.

"सीडी घासल्येय. टूथपेस्ट लावा. पांढरी. जेलवाली नको."

"सीडी नाहीये, मोबाइलवर आहे."

"मूळ सीडीच घासलेली असणार."

दुखणं इथेच आहे. काकांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. हा ओव्हल नावाच्या जर्मन मंडळींचा १९९४चा 'सिस्टेमिश'. त्यांनी सीडीवर फेल्ट पेनाने रेघा ओढल्या, प्लेअर अडखळला, ते अडखळणं गोळा केलं आणि त्याचीच गाणी रचली. हे मला भाच्याने सांगितलं होतं. मी मूर्खासारखं काकांना सांगितलं.

"मुद्दाम?"

"हो."

"पेनाने?"

"हो."

"आणि तुम्ही पैसे भरता?"

मग समोरच्याला, "हे बघा, रेघोट्या मारलेली सीडी ऐकतायत. मुद्दाम." बातमी दारापर्यंत गेली. दारातून कुणीतरी ओरडलं, "माझ्याकडे आहेत दहा-बारा, देऊ का?"

वास्तविक यंत्रांशी असले खेळ मुंबईला नवे नाहीत. सिनेमांच्या गाण्यांत वाजवणाऱ्या चरणजित सिंगांनी १९८२मध्ये इथेच रोलंड कंपनीच्या ३०३ (बेसचे सूर काढणारं) आणि ८०८ (ठेका देणारं) या यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवले. अमेरिकेतल्या शिकागोवाल्यांची त्याच ३०३वरची ॲसिड हाउस नावाच्या नाच-संगीताची रेकॉर्ड यायला १९८७ उजाडलं. सिंगांची रेकॉर्ड मात्र इथे फारशी कुणी घेतली नाही. २०१०मध्ये परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा कौतुक झालं. हे काकांना सांगायचं होतं, पण ते आता सीडी प्लेअरच्या लेन्सला स्पिरिट कसं लावायचं, यावर होते.

आणि मी म्हणतो, माझी चाळीस सेकंदं यांना खुपली? त्याच डब्यात ब्रीफकेसवर पत्ते आपटत होते, एकाचा रील्सवरचा तोच हशा दादरपासून सोळाव्यांदा चालू होता, पलीकडे भजनी मंडळाचे टाळ. त्यांना कुणी टूथपेस्ट सुचवली नाही.

चांगलं होतं हो ते. त्या कट्-कटखाली एक मऊ घुमारा आहे, दुपारी बंद खोलीत दूरच्या देवळातली पेटी ऐकू यावी तसा. कुर्ल्यापर्यंत मला नुसतीच कट्-कट ऐकू येत होती. घुमारा जेमतेम सापडला आणि घाटकोपर आलं.

ठाण्याला काका उतरायला उठले. जाताना खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "पांढरीच लावा."

खिडकी मिळाली, एवढंच. घरी इअरफोन चार्ज करून अल्बम पहिल्यापासून लावला. घुमारा काही सापडला नाही. प्रत्येक कट्-ला वाटत होतं, इथे थोडी लावली तर जाईल.