माळाला झाडं नकोत, माळच राहू द्या

पाऊस जवळ आला की दरवर्षी एक मजकूर फिरू लागतो: ‘माळरान म्हणजे ओसाड जमीन. तिथे पक्षीही राहत नाहीत. खड्डा घ्या, रोप लावा. झाडं वाढली की पक्षी परत येतील, पाणी मुरेल.’ पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण सुपे, सासवड, नान्नजच्या माळांबाबत हे सगळं चुकतं.

‘पक्षी राहत नाहीत.’ राहतात, दिसत नाहीत. डोंबारी चंडोल जेमतेम चिमणीएवढा. मादी पूर्ण मातकट, नराची पाठ मातकट आणि पोट काळं. चाहूल लागली की ढेकळाआड दबून बसतो, म्हणून दोन पावलांवरून माणूस निघून जातो. एरवी वाकडीतिकडी चाल धरत बिया नि किडे टिपत असतो. विणीच्या दिवसांत नर वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली झेपावतो आणि जमिनीच्या जरा वरून पुन्हा उसळी घेतो. घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा. आत गवत, काठाला खडे, दोन-तीन अंडी. त्याच माळावर डोक्यावर तुरा असलेला साईक्सचा चंडोल असतो, इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करणारा. त्याचं शास्त्रीय वर्णन १८३२ साली कर्नल साईक्सने प्रसिद्ध केलं. भारताबाहेर तो सापडत नाही!

‘ओसाड जमीन.’ सरकारी नकाशांतही असे कितीतरी माळ ‘पडीक’ म्हणून रंगवले जातात, तिथूनच हा गैरसमज बळावतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत थोडक्या पावसावर गवत, मधूनच हिवर, बोर, बाभूळ, हेच या जमिनीचं नैसर्गिक रूप. चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक पक्षी यावरच जगतात. धनगरांचे वाडेही, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी कुटुंबं.

‘झाडं वाढली की पक्षी येतील.’ येतीलही. बुलबुल, साळुंकी, म्हणजे गावात आधीच भरपूर असलेले. चंडोल मात्र जाईल. त्याला मोकळी, खुरट्या गवताची जमीन लागते. दाट सावलीत ते गवत मरतं, आणि प्रत्येक झाड कावळ्याला घरटी हेरायला उंच जागा देतं. माळावर ओळीनं लावलेली ग्लिरिसिडिया बघून मला खरोखर वाईट वाटतं.

‘पाणी मुरेल.’ गवताची तंतुमय मुळं माती धरून ठेवतातच, पाणीही मुरवतात. त्यासाठी माळ खणावा लागत नाही.

मजकुरात नसलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खड्डे उन्हाळ्यात घेतात, रोपं जून-जुलैत लावतात. चंडोलांच्या विणीचा मोठा भाग याच महिन्यांत येतो. कुदळ पडते ती अनेकदा घरट्याशेजारी, आणि खणणाऱ्याला ते कळतही नाही.

तुमच्या गटानं रोपं आणली असतील तर ती शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर, गावठाणात लावा. तिथे सावली हवीच आहे.