लसणीने अळंबीची पारख होत नाही

आषाढ लागला की कोकणात एक संदेश दरवर्षी घरोघरी फिरू लागतो. रानातली अळंबी शिजवताना भांड्यात लसणीच्या पाकळ्या आणि चांदीचे नाणे टाकावे, दोन्ही काळी पडली नाहीत तर अळंबी निर्धास्त खावी, असे त्यात सांगितलेले असते. शिवाय किडीने खाल्लेली आणि पांढरी अळंबी बिनविषारी असते, आणि तरीही शंका उरली तर हळद-मीठ घालून उकळून पाणी ओतून द्यावे, अशी पुस्ती जोडलेली असते. यातल्या एकाही गोष्टीवर विसंबून अळंबी खाऊ नये.

चांदी काळवंडते ती गंधकाच्या संयुगांनी, आणि ती तर लसणीतच असतात. अळंबीतल्या सर्वांत घातक अशा अमाटॉक्सिन या विषामुळे चांदीचा रंग बदलत नाही. लसूणही आमसुलासारख्या आंबट पदार्थाच्या संगतीने हिरवट-निळसर होऊ शकते, त्यात विषाचा संबंध नसतो. किडीचे म्हणाल, तर काही माश्यांच्या अळ्या आणि गोगलगायी माणसाला मारक असलेली अळंबी खाऊनही जगतात.

पांढऱ्या रंगाचा भरवसा तर मुळीच धरू नये. गवतात, अंगणात उगवणारी एक मोठी पांढरी छत्री खाल्ल्यास काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात. पिकल्यावर तिचे छत्रीखालचे पडदे हिरवट होतात, पण कोवळेपणी ते पांढरेच असतात.

सर्वांत घातक सल्ला उकळण्याचा आहे. अमाटॉक्सिन उकळून, वाळवून किंवा गोठवून नाहीसे होत नाही. त्याची लक्षणे बहुधा 6 ते 24 तासांनी दिसतात, म्हणजे रात्री जेवलेला माणूस सकाळपर्यंत ठणठणीत असू शकतो. उलट्या-जुलाबांनंतर एखादा दिवस त्याला बरे वाटते, घरचे निश्चिंत होतात, आणि नेमके त्याच वेळी यकृत निकामी होत असते.

आपल्याकडची जाणती माणसे अळंबीची परीक्षा भांड्यात घेत नाहीत, ती वारुळापाशी घेतात. वाळवीच्या अळंबीच्या छत्रीला मधोमध टोक असते आणि तिचा देठ मुळासारखा निमुळता होत जमिनीत खोल, वाळवीने जोपासलेल्या बुरशीपर्यंत गेलेला असतो. उलट अमाटॉक्सिन असलेल्या अनेक छत्र्यांच्या देठाचे बूड पिशवीसारख्या आवरणात बसलेले असते. जमिनीलगत कापलेल्या जुडीत या दोन्ही खुणा मातीतच राहून जातात. म्हणून अळंबी बुडासकट उकरलेली असावी, आणि तेच वारूळ वर्षानुवर्षे पाहत आलेल्या माणसाने ती ओळखलेली असावी. नुसते वारूळ जवळ असणे पुरेसे नाही.

ओल्या खोबऱ्याच्या वाटपातली अळंबी कोकणातल्या पावसाचे खरे वैभव आहे, तेव्हा ती खाऊच नये असे माझे म्हणणे नाही. मात्र शिजवण्यापूर्वी एक अख्खी, कच्ची अळंबी कागदात गुंडाळून बाजूला ठेवावी. कुणाला त्रास झालाच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता, बरे वाटू लागले तरीही, ती अळंबी घेऊन इस्पितळ गाठावे आणि ती किती वाजता खाल्ली होती हे डॉक्टरांना आधी सांगावे.