३२ किलोमीटरवरची गाडी

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या चुलतभावाचं घर जळालं. दुपारचे दीड वाजले होते. गोठ्यामागे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा ढीग आणि त्याला लागूनच हरभऱ्याचं कुटार, मळणीतला भुसा. डीपीजवळ तारेला तार घासली, ठिणगी कुटारात पडली. वारा सुटलेलाच होता. गोठा पेटला, मग घराच्या छपराचे लाकडी फाटे पेटले, आणि मग समोरच्या खोलीतला कापूस. भाव वाढेल म्हणून सगळा हंगाम घरात ठेवलेला, अंगाला खाज सुटते म्हणून लेकरं दोन महिने ओसरीत झोपत होती, तो कापूस.

वहिनीनं विळ्यानं बैलांची दावी कापली. बैल सुटले. गोऱ्हा आतच राहिला.

प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता, पण नंबर कुठला लावायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी सरपंचांकडे नगर परिषदेतल्या एका माणसाचा नंबर निघाला. अग्निशमनाची गाडी निघाली म्हणे. तालुका आमच्यापासून ३२ किलोमीटर, त्यात शेवटचे आठ-नऊ किलोमीटर रस्ता नावालाच. गाडी यायला एक तास दहा मिनिटं लागली. तोवर गाव जमेल त्यानं लढत होतं. बादल्या, हंडे, एका भावाचा ट्रॅक्टरवरचा टँकर, आणि पाठीवरचे फवारणीचे पंप. त्या पंपांतून पाण्यासोबत औषधाचा वास येत होता. धूर आणि तो वास, दोन्ही अजून नाकातून गेलेले नाहीत.

गाडीतून दोघं उतरले. एक ड्रायव्हर, एक फायरमन. लोक अंगावर धावून गेले. मीही गेलो. "आता काय राख विझवाले आले काय?" हे माझ्या तोंडचे शब्द आहेत आणि त्याची मला लाज वाटते. ड्रायव्हर काही बोलला नाही, पाइप ओढायला लागला. फायरमन पोरगा पंचविशीचा असेल. तोंडाला मास्क नाही, श्वास घ्यायचा सिलिंडर नाही. आमच्याच एका काकांचा दुपट्टा त्यानं पाण्यात बुडवला, तोंडाला बांधला आणि जिथं आम्हाला उभं राहवत नव्हतं तिथं घुसला.

पंधरा मिनिटांत गाडीतलं पाणी संपलं. साडेचार-पाच हजार लिटर म्हणजे ऐकायला खूप वाटतं, पण जोराचा एक पाइप चालवला की ते एवढंच पुरतं. आता पाणी भरायचं कुठून? गावात विहिरी आहेत. पण एप्रिलात पाणी चाळीस फूट खाली गेलेलं असतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की गाडीवरचा पंप पाणी वरून ओढतो आणि वरून ओढणारा कुठलाही पंप प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पलीकडून पाणी उचलू शकत नाही. गाडी कितीही नवी असो, हे हवेच्या दाबाचं गणित आहे. चाळीस फूट म्हणजे बारा मीटर. मग विहिरीतली मोटर चालू करा म्हटलं, तर शेतीच्या लाइनला त्या आठवड्यात रात्रपाळी होती. शेवटी गाडी शेजारच्या गावच्या शेततळ्यावर गेली. तिथपर्यंत पांदण रस्ता. अर्ध्यावर फसली, ट्रॅक्टर लावून काढली. परत आली तेव्हा पाच वाजत आले होते.

आणि कापूस. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. कापसाची आग वरून विझते, आत चालत राहते. पाणी मारलं की वरचा थर ओला होऊन गच्च बसतो आणि पाणी खाली झिरपतच नाही. सगळा ढीग उलथावा लागतो, थर वेगळे करून भिजवावे लागतात. त्या दोघांनी आम्हाला ते दाखवलं, काट्यांनी आणि फावड्यांनी रात्री आठपर्यंत आमच्यासोबत उपसलं. जाताना फायरमन पोरगा म्हणाला, "भाऊ, रात्री झोपू नका बरं, पहाटे पुन्हा धूर निघन." पहाटे चारला निघालाच. त्यानं सांगितलं नसतं तर शेजारची दोन घरं गेली असती.

तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही. वर्षभर जमेल तसं वाचलं, विचारलं. त्यातून एक गोष्ट अशी कळली की ती मी प्रत्येकाला थांबवून सांगतो.

१९९२ साली ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती झाली. गावाकडे पंचायतींना कुठली कामं द्यायची याची यादी अकराव्या अनुसूचीत आहे, २९ विषय. शहरात नगरपालिकांना कुठली द्यायची त्याची यादी बाराव्या अनुसूचीत, १८ विषय. बाराव्या यादीत सातवा विषय आहे अग्निशमन सेवा. अकराव्या यादीत तो नाही. वाचनालयं आहेत, बाजार आणि जत्रा आहेत, इंधन आणि चारा आहे. आग नाही. म्हणजे ज्या कुटाराची काळजी घटनेनं पंचायतीकडे दिली, ते पेटलं तर विझवायचं काम तिच्या यादीतच नाही. आमच्या ग्रामपंचायतीकडे बंब का नाही, जिल्हा परिषदेकडे का नाही, याचं उत्तर इथं आहे. नगर परिषदेची गाडी आपल्याकडे येते ती हद्द ओलांडून येते. ती गाडी शहरासाठी घेतलेली, माणसं शहरासाठी नेमलेली. आपल्या गावात ती अडकली असताना तिकडे बाजारपेठेत किंवा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, आग लागली तर? त्या ड्रायव्हरच्या डोक्यावर हा घोर सतत असतो. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

देशाच्या अग्निशमन सल्लागार समितीचा निकष आहे की ग्रामीण भागात पहिली गाडी २० मिनिटांत पोचली पाहिजे. आमच्या रस्त्यानं २० मिनिटांत गाडी जेमतेम पंधरा किलोमीटर जाईल. म्हणजे ही तालुक्याला एक गाडी ठेवून भागणारी गोष्टच नाही. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावी, दुसरं अग्निशमन केंद्र हवं. छोटं असलं तरी चालेल. मोठ्या गाडीऐवजी पांदणीतून जाईल अशी छोटी गाडी असली तर उलट बरं. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रानं राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना २०२३ मध्ये आणली. त्यातलं आपल्या तालुक्यांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न आपण आमदारांना एकदा तरी विचारला आहे का? रस्त्याचा विचारतो, पाण्याचा विचारतो, हा नाही विचारत. आग दुसऱ्याच्या घराला लागते असंच आपण धरून चालतो.

मनाला लागणारी गोष्ट अशी की देशभरातले अग्निशमन अधिकारी जिथं घडतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेली संस्था. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो आपल्या वाट्याला आला आहे.

आता दुसऱ्या गाडीबद्दल, म्हणजे अॅम्ब्युलन्सबद्दल.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या मामीला मण्यार चावली. खाली अंथरूण टाकून झोपली होती. मण्यारीचा दंश फसवा असतो. सूज नाही, फारसं दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. पहाटे तिच्या पापण्या उचलेनात, बोलणं जड झालं. १०८ लावला. आमच्या भागातली गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन जिल्ह्याला गेली होती, म्हणून लांबची गाडी निघाली. आम्ही थांबलो नाही. मामीला मालवाहू गाडीत टाकलं आणि अर्ध्या वाटेवर अॅम्ब्युलन्सला गाठलं. ग्रामीण रुग्णालयात सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू झालं, पण तिचा श्वास मंदावत होता आणि तिथं व्हेंटिलेटर नव्हता. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं होतं. १०८ च्या त्या गाडीतला डॉक्टर, तरुण मुलगा, सत्तर किलोमीटर हातानं श्वास द्यायचा फुगा दाबत गेला. एका हाताला कळ आली की दुसऱ्या हातानं. खड्ड्यात गाडी आदळली की मुखवटा सरकायचा, तो परत बसवायचा. मामी आज वावरात जाते.

ही १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधनं, ७०४ साध्या. २०११ च्या जनगणनेनं भागाकार केला तर तेव्हा एका गाडीमागे सुमारे १ लाख २० हजार माणसं येत होती. पण हा हिशेब माणसांचा झाला, अंतराचा नाही. पुण्यातली लाखभर माणसं दोन-चार चौकांत राहतात. मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीला जायचं तर सेमाडोहच्या घाटातून जवळजवळ दीडशे किलोमीटर. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद, मग बाळंतीण खाटेवर घालून खांद्यावर आणायची. आमच्याकडे एक गाडी पेशंट घेऊन जिल्ह्याला गेली की जाण्या-येण्यात चार तास ती नाहीच. त्या चार तासांत ज्याच्या छातीत कळ येईल, ज्याचा हात थ्रेशरमध्ये जाईल, जो फवारणी करताना कोसळेल, त्याला गाडी नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा औषध कंपन्या, बियाणं, पीक, सगळ्यांवर चर्चा झाली. पेशंट किती वेळात दवाखान्यात पोचला यावर फार कमी झाली. गाड्या वाटताना लोकसंख्येसोबत अंतरही मोजलं पाहिजे, एवढं माझं म्हणणं.

आणि माणसं. १०८ च्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात. बारा-बारा तासांची ड्युटी, नोकरी कंत्राटी. अनेक नगर परिषदांत फायरमनही कंत्राटावर असतात. ठेकेदार बदलला की शिकलेला पोरगा घरी आणि नवा पोरगा गाडीवर. कापसाचा ढीग कसा उपसायचा हे पुस्तकात वाचून येत नाही, चार हंगाम गाडीवर काढल्यावर येतं. तो अनुभव दर दोन वर्षांनी घरी पाठवायचा आणि मग गाडी आल्यावर काहीच करत नाही म्हणून बोंबलायचं, हे बरोबर नाही. आधी ही पदं कायम करा, पूर्ण माणसं भरा, अंगावर घालायला धड कपडे आणि धुरात घुसायला श्वसन संच द्या. गाडीची किंमत कमी करून का होईना, पण हे द्या.

भंडाऱ्याचं मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. ९ जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालयातला नवजात बाळांचा कक्ष. मध्यरात्रीनंतर आग, १० बाळं गेली, ७ वाचवता आली. खेड्यापाड्यातून, भरवशानं आणलेली बाळं होती ती. राज्यात अग्निसुरक्षेचा २००६ चा कायदा आहे. पण कायद्यानं सांगितलेली तपासणी करायला माणूस लागतो, आणि ज्या तालुक्यात गाडीवर दोन माणसं पुरत नाहीत तिथं जिनिंग, शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं फिरून कोण तपासणार? विझवायला माणूस नाही आणि तपासायलाही नाही, या एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस पेटली, २५ माणसं गेली, तेव्हाही मला हेच आठवलं. रस्ते वेगाचे झाले, मदत पोचायचा वेग तोच राहिला.

हे सगळं वरून होईल तेव्हा होईल. तोवर गावात काय करता येतं, हे मी त्या ड्रायव्हर भाऊला फोन करून विचारलं. त्याचं उत्तर फार साधं होतं. जलजीवन योजनेत गावोगाव पाण्याच्या उंच टाक्या झाल्या. त्या टाकीच्या खालच्या पाइपाला एक वॉल्व्ह आणि पुढे बंबाच्या पाइपाचं ६३ मिलिमीटरचं कपलिंग लावून ठेवा. वीज असो नसो, टाकीत पाणी असेल तर गाडी तिथंच भरेल, शेततळ्यावर जावं लागणार नाही. उन्हाळाभर टाकीत काही पाणी आगीसाठी राखून ठेवा. अग्निशमन केंद्राचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. कुटाराची गंजी आणि घर यात अंतर ठेवा, डीपीखाली पऱ्हाट्या रचू नका. आणि गाडी निघाली की एका पोराला मोटरसायकलवर फाट्यावर उभं करा, कारण रस्ता शोधण्यात दहा मिनिटं जातात.

१४ एप्रिलला बाबासाहेबांच्या मिरवणुकीत गाव नाचत होतं तेव्हा तालुक्यात तो ड्रायव्हर ड्युटीवर होता. १९४४ मध्ये याच तारखेला मुंबई बंदरात जहाजाचा स्फोट झाला, ६६ अग्निशमन जवान गेले, आणि त्यांच्या आठवणीत हा आठवडा देशभर पाळतात. सकाळी त्या जवानांना सलामी आणि मग दिवसभर मिरवणुकीच्या बंदोबस्तात गाडी उभी, असा त्याचा दिवस गेला. संध्याकाळी माझा फोन गेला. १ मेच्या ग्रामसभेत टाकीच्या कपलिंगचा ठराव मांडतोय, वहिनीची पहिली सही घेतली आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, "त्या वहिनीची बैलजोडी बरी हाय ना?" मी म्हटलं, बरी आहे. मग म्हणाला, "कपलिंग बाजारातून घेऊ नका, माप चुकते. ठराव झाला का मले सांगा, सुट्टीच्या दिवशी मीच येतो, गाडीचा पाइप लावून पाहू."